एका तासाचे तेरा जीबी

आत्याच्या हळदीच्या व्हिडिओत आजी जात्यावर बसली आहे. पण चेहरा ओळखू येत नाही. चौकोनी ठिपक्यांचा एक पुंजका तेवढा गोल गोल फिरतो. ही करामत माझी.

ती हळद २००४ साली वरळीच्या बीडीडी चाळीत, आमच्या मजल्याच्या पॅसेजमध्ये झाली. दुबईहून आलेल्या काकांनी ती मिनीडीव्ही कॅमेऱ्यावर टिपली होती. २०१७मध्ये, इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला असताना, मी एका स्वस्त यूएसबी डोंगलने ती कॅसेट लॅपटॉपवर उतरवली. हार्डडिस्क भरत आली होती, म्हणून तासाभराचं चित्रण दोनशे एमबीच्या एमपी४मध्ये कोंबलं. ‘डिजिटल झालं’ म्हणत दिवाळीच्या साफसफाईत कॅसेट भंगारवाल्याला दिली. दोन वर्षांनी आजी गेली.

आता चाळही जाणार आहे. १९२०च्या दशकात बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने बांधलेल्या या इमारती वरळीत १२१ होत्या. खोली १६० चौरस फुटांची. १४ ऑगस्ट २०२५ रोजी पहिल्या ५५६ कुटुंबांना ५०० चौरस फुटांच्या घरांच्या चाव्या मिळाल्या. आमच्या चाळीचा नंबर अजून यायचा आहे, पण आईने माळा आवरायला काढलाय. त्यात चार कॅसेट निघाल्या.

“ह्या तरी नीट कर,” एवढंच ती म्हणाली. हळदीच्या कॅसेटचं काय झालं हे तिला माहीत आहे.

ठरवलं, या चार कॅसेट आणि आजचं मोबाईलवरचं चित्रण जोडून चाळीची एक फिल्म करायची. त्यासाठी आधी कॉम्प्युटर हवा. मी दिवसभर लिनक्सवर काम करतो, त्यामुळे तोच आधी डोक्यात आला. पण मला दाविंची रिझॉल्व्हवर एडिट करायचं होतं, आणि त्याची फुकट आवृत्ती लिनक्सवर एच.२६४ आणि एच.२६५ उघडत नाही. म्हणजे मोबाईलची प्रत्येक फाईल आधी बदलून घ्यायची. मॅकचा विचार केला, तर ॲपलने २०२५च्या मॅकओएस टाहोमधून फायरवायरच काढून टाकलेलं. आणि मिनीडीव्ही कॅसेट जशीच्या तशी उतरवायची तर फायरवायरच लागतं. शेवटी लॅमिंग्टन रोडवरून विंडोजचा डेस्कटॉप जुळवून आणला: ३२ जीबी रॅम, वेगळं ग्राफिक्स कार्ड, आणि आत बसवलेलं फायरवायरचं कार्ड. तो कपाट आणि शिलाई मशीनच्या मधल्या फटीत बसला. काकांचा कॅमेरा अजून चालतो, हे नशीब.

फायरवायरने कॅसेट उतरते म्हणजे चित्रण पुन्हा दाबलं जात नाही. टेपवरचे आकडे तसेच डिस्कवर येतात. तासाला साधारण तेरा जीबी. चार तासांचे बावन्न. २०१७मध्ये मला हे परवडत नव्हतं, असं मी स्वतःला सांगत आलो. खरं तर एक पेनड्राइव्ह पुरला असता.

फॉरमॅटचं गणित मला आत्ता कुठे कळलं. डीव्हीमध्ये प्रत्येक फ्रेम स्वतंत्र असते. मोबाईलच्या एच.२६५मध्ये अधूनमधून एक पूर्ण फ्रेम आणि पुढे फक्त ‘काय बदललं’ याची नोंद. पाहायला ते उत्तम, पण कापायला घेतलं की कॉम्प्युटरला मागची-पुढची चित्रं पुन्हा जुळवावी लागतात आणि पंखा घरघरायला लागतो. म्हणून एडिटिंगपुरत्या त्या फाईलींच्या डीएनएक्सएचआरमध्ये हलक्या प्रती, म्हणजे प्रॉक्सी, केल्या. डीव्हीची आणखी एक खोड: त्यात सेकंदाला पंचवीस फ्रेम असतात, पण प्रत्येक फ्रेम दोन क्षणांच्या एकाआड एक ओळींनी विणलेली असते. हलणाऱ्या हाताच्या कडेला कंगव्याचे दाते दिसतात ते त्यामुळे. दाते घालवायला मी त्या वेळी अर्ध्या ओळी फेकून दिल्या होत्या. नीट उलगडलं तर सेकंदाला पन्नास चित्रं मिळतात.

तेव्हा फाईली तीन प्रकारच्या लागतात: ठेवायची, कापायची आणि दाखवायची. मी दाखवायची फाईल ठेवली आणि ठेवायची भंगारात घातली.

पहिली कॅसेट उतरवून झाल्यावर पेनड्राइव्ह टीव्हीला लावला. टीव्हीने ती फाईल उघडलीच नाही. आई हसली. “तुझ्या इंजिनिअरिंगचा काय उपयोग रे?” मग दाखवायची एच.२६४ एमपी४ प्रत केली, या वेळी पुरेशा बिटरेटने. मूळ फाईल दोन डिस्कवर ठेवली. दुसरी डिस्क आत्याच्या घरी आहे. कॅसेट कपाटात आहेत.

कॅसेटवर गणपतीची आरती होती. पॅसेजमध्ये गर्दी, टाळ, कुणाच्या तरी खोलीतल्या कुकरची शिट्टी. मधूनच गर्दीच्या मागून हंडा घेऊन कुणीतरी गेलं.

“थांब. मागे घे,” आई म्हणाली.

मी एकेक फ्रेम मागे गेलो. आजी होती. जेमतेम दोन सेकंद. हंड्याला धरलेला हात, कपाळावरचं कुंकू, सगळं दिसत होतं. हळदीची ती फाईल आता कुठल्याही सॉफ्टवेअरने नीट होणार नाही.

आई टीव्हीजवळ सरकून बसली. “नळाला पाणी आलं असणार,” ती म्हणाली. “नाहीतर आरती सोडून ती उठली नसती.”