शिकवलेला बाज

आमच्या गावच्या मक्तबात अब्बा मगरिबनंतर मुलांना फिकहचे मसले शिकवत. त्यात एक मसला शिकारीचा होता. शिकवलेल्या कुत्र्यानं किंवा बाजानं पकडलेलं जनावर केव्हा हलाल होतं आणि केव्हा होत नाही, याचा. दापोली तालुक्यातलं आमचं गाव खाडीकाठचं. आम्ही मुलं बांगड्यावर आणि सुक्या मासळीवर वाढलेली. हातावर बाज बसवलेला माणूस गावात कुणी पाहिला नव्हता, अब्बांनीही नाही. दरवर्षी एखादा पोरगा विचारायचाच, "उस्ताद, हे शिकून करायचं काय?" अब्बांचं उत्तर ठरलेलं असे, "सूरह माइदामध्ये आहे, म्हणून शिकायचं." दिवसा उर्दू शाळेत आणि संध्याकाळी मक्तबात, अशी ३० वर्षांहून जास्त त्यांनी काढली. तो मसला तेवढ्या वेळा शिकवला असेल.

२०२१ मध्ये अम्मी गेल्या. पुढच्या वर्षी ऑक्टोबरात मी अब्बांना सहा महिन्यांसाठी ओहायोला आणलं. इथं ते दिवसभर खिडकीशी बसत. बोलायला कुणी नाही, मशीद मोटारीनं अर्ध्या तासावर, आणि थंडी तर त्यांना अंगावर घेतलेल्या कर्जासारखी वाटे. खिडकीतून शेजाऱ्यांचं परसदार दिसायचं. शेजारी निवृत्त टपालवाले, सत्तरीचे, रविवारचं चर्च न चुकवणारे कॅथलिक. एके दिवशी ते गवतावर बसून तारेच्या जाळीचा एक घुमट दुरुस्त करत होते. घुमटावर नायलॉनच्या दोऱ्याचे बारीक बारीक फास. अब्बा कुतूहलानं बाहेर गेले, मीही दुभाषा म्हणून मागोमाग. हे काय, असं विचारल्यावर शेजारी म्हणाले, "बालछत्री."

अब्बांनी माझ्याकडे पाहिलं. दुभाष्याची गरजच पडली नव्हती. बाल म्हणजे केस. पूर्वी आपल्या देशातले पारधी घोड्याच्या केसांचे फास छत्रीसारख्या पिंजऱ्यावर बांधून शिकारी पक्षी धरत. ते सापळे शब्दासकट अमेरिकेत आले आणि इथल्या बाजदारांच्या तोंडी बसले. केसांची जागा मासेमारीच्या दोऱ्यानं घेतली एवढंच. शिकारीसाठी उतावीळ झालेल्या पक्ष्याला हे लोक 'याराक'मध्ये आला म्हणतात, तो शब्दही पूर्वेकडचाच. अब्बा त्या दिवशी पहिल्यांदा हसले.

इथं बाज पाळणं म्हणजे हौशी माणसानं दुकानातून पोपट आणणं नव्हे. लेखी परीक्षा असते, पक्ष्याची खोली तपासली जाते, आणि नवख्याला निदान दोन वर्षं जाणत्या बाजदाराच्या हाताखाली उमेदवारी करावी लागते. नवख्याच्या वाट्याला बहुधा लाल शेपटीचा बाज येतो. तो धट्टाकट्टा असतो आणि रस्त्याकडेच्या प्रत्येक दुसऱ्या खांबावर दिसतो. आमचे शेजारी नवखे नव्हते, पण त्यांना आवडायचा हाच. धरायचा तो त्या वर्षी जन्मलेला. प्रौढ, जोडी करणाऱ्या पक्ष्याला हात लावायचा नाही. शेजारी म्हणाले, पहिल्या वर्षीच यातले निम्म्याहून जास्त मरतात. उपासानं, विजेच्या तारांनी, मोटारींखाली. धरलेलं पिल्लू निदान एक हिवाळा तरी पोटभर खातं.

आठवडाभरानं त्यांनी एक मादी धरली. शिकारी पक्ष्यांत मादी नरापेक्षा मोठी असते. शेपटी पाहून अब्बा म्हणाले, "ही लाल कुठाय? ही तर तपकिरी, वर पट्टे." खरंच होतं. पहिल्या वर्षी शेपटी तपकिरीच असते; लाल रंग पुढच्या उन्हाळ्यात पिसं झडून नवी आल्यावर चढतो.

मग अब्बांच्या दिवसाला वेळापत्रक आलं. जुहर झाली की ते शेजाऱ्यांकडे. पहिले दिवस तर बाज हातमोज्यावर बसवून नुसतं बसायचं. ती फडफडून उलटी लटकायची, शेजारी तिला हळूच पुन्हा वर घ्यायचे. दहा वेळा, वीस वेळा. आवाज चढवायचा नाही, टक लावून बघायचं नाही. एका संध्याकाळी तिनं मान खाली घालून मोज्यावरचा मांसाचा तुकडा खाल्ला. परक्याच्या हातावर मान खाली घालणं ही पक्ष्याच्या दृष्टीनं फार मोठी गोष्ट. पुढं दोन हातांवरून उडी, मग लांब दोरी बांधून पाच पावलं, वीस पावलं, सबंध अंगणाएवढं अंतर. आणि रोज काटा. सराफ सोनं तोलतो तसं ते तिला तोलत. धरली तेव्हा १३०० ग्रॅमच्या आसपास होती, शिकारीचं वजन ११६० ठरलं. जास्त झाली तर झाडावर बसून राहील, बोलावलं तरी येणार नाही. फार कमी झाली तर अशक्त होऊन मरेल. सगळी विद्या त्या मधल्या थोड्याशा ग्रॅमांत आहे. अब्बा आकडे एका वहीत उर्दूत लिहून ठेवू लागले. शेजाऱ्यांची स्वतःची वही होतीच, पण ते अब्बांना विचारत, "काल किती?"

मला यात एक गोष्ट खुपत असे. भुकेनं बांधलेल्या पक्ष्याला शिकवलेला म्हणायचं का? हे मी शेजाऱ्यांना विचारलं. ते म्हणाले, "दोरी सोडली की ती मोकळी. उंदीर तिला कुठंही मिळतात. परत येणं तिच्या हातात आहे, माझ्या नाही." ते ऐकून अब्बा थबकले. त्यांनी मला मसल्यातल्या अटी सांगायला लावल्या आणि मी इंग्रजीत सांगितल्या. जनावर सोडलं की जावं, बोलावलं की यावं, आणि शिकार मालकासाठी धरावी, स्वतःसाठी नाही. शेजारी ऐकत राहिले आणि म्हणाले, "हे कुणी लिहिलं? त्याच्याकडे बाज असणार."

नोव्हेंबरात तिला शेतांवर सोडलं. पायात घुंगरू, पाठीवर रेडिओचं छोटं यंत्र. माणूस खाली झुडपं काठीनं झोडत चालतो आणि बाज वरून झाडाझाडानं सोबत येतो. इथला ससा आपल्या रानशशापेक्षा लहान, शेपटीखाली कापसाचा बोळा. पण बाजापुढं तो लहान नव्हे. जवळजवळ तिच्याच वजनाचा. तो उठला की शेजारी "हो! हो!" असं ओरडत, ती फांदी सोडी आणि पुढचं सगळं दोन-तीन सेकंदांत. बहुतेक वेळा ससाच जिंके. एखाद्या बिळात शिरे किंवा शेवटच्या क्षणी वळे आणि ती गवतात पंख पसरून मूर्खासारखी बसून राही. हे मला बरं वाटायचं, सांगायला हरकत नाही. पकडला गेलेला ससा ओरडतो. माझी अकरा वर्षांची मुलगी एकदा आमच्याबरोबर आली, तो आवाज तिनं ऐकला आणि पुन्हा आली नाही. तिला कुणी आग्रह केला नाही.

पहिला ससा शेजाऱ्यांनी पूर्ण तिलाच खाऊ दिला. म्हणाले, पहिला तिचाच. अब्बांनी मान डोलावली. शिकवणूक वारंवार सिद्ध झाल्याशिवाय शिकार गणतीत धरत नाहीत, असं फिकहही सांगतं. पण पुढच्या शिकारीला खरा पेच आला. शेजारी एक ससा आम्हाला भेट देऊ लागले. ससा हलाल आहे, यात वाद नाही. अबू तल्हांनी जबह केलेल्या सशाचं मांस रसूलुल्लाह (स.) यांनी स्वीकारल्याची हदीस अब्बा लहानपणापासून सांगत. सोडणारा ख्रिस्ती, म्हणजे अहले किताब. त्याचीही अडचण नाही. अडचण अशी की शेजारी पोचेपर्यंत बाजानं दोन घास तोडले होते. हनफी मतानं पक्ष्यानं खाल्लं तरी चालतं, कारण पक्ष्याची शिकवणूक परत येण्यात मोजतात, न खाण्यात नाही. आम्ही कोकणी शाफई. आमच्याकडच्या प्रसिद्ध मतात पक्ष्यालाही न खाण्याची अट आहे.

मी म्हटलं, "अब्बा, इथं निम्मी मशीद हनफी आहे." अब्बा म्हणाले, "मग निम्म्या मशिदीला दे." तो ससा खरोखरच मी हैदराबादच्या एका मित्राला दिला. त्यानं त्याचं सालन केलं आणि वाटी आमच्याकडे पाठवली. अब्बांनी वास घेतला, तारीफ केली आणि झाकण लावलं. मला वाटतं, माणूस आपलं मत सोडत नाही म्हणजे तो हट्टी असतोच असं नाही. तीस वर्षं मुलांना जे सांगितलं ते पहिल्याच खऱ्या परीक्षेत कसं मोडायचं?

तोड शेजाऱ्यांनीच काढली. जनावर जिवंत हाती लागलं तर जबह करावंच लागतं, आणि जबह झालं की बाजानं काय केलं हा प्रश्नच उरत नाही, हे त्यांना कळल्यावर ते म्हणाले, "तर मग सुरी घेऊन माझ्या जवळ राहा." त्र्याहत्तर वर्षांचा माणूस, डोक्यावर लोकरी टोपी, बर्फाळ शेतातून पळतोय, हे दृश्य मी पाहिलं आहे. डिसेंबरच्या एका दुपारी तिनं ओढ्याच्या काठाला ससा दाबला. शेजाऱ्यांनी गुडघे टेकून सशाला धरलं, मोज्यावर कबुतराचा तुकडा दाखवला. बाज पंजा सोडून मोज्यावर आली. हीच वेळ नाजूक. शिकार हिसकावली असं तिला वाटलं तर उद्या ती घेऊन पळेल. तोवर अब्बांनी बिस्मिल्लाह, अल्लाहु अकबर म्हणून सुरी फिरवली होती. शेजाऱ्यांनी टोपी काढली होती. का काढली, ते मी विचारलं नाही.

रात्री नारळाच्या वाटणातला ससा घरी झाला. नारळ डब्यातला, पण वाटण अब्बांनी केलं; अम्मी कोंबडीला करत तसं. मुलीनं खाल्लं नाही. अब्बा तिला म्हणाले, "बेटा, नको तर नको. हलाल आहे म्हणजे खाल्लंच पाहिजे असं नसतं."

भारतात हे काही करता येणार नाही. वन्यजीव संरक्षणाचा कायदा १९७२ मध्ये आला. ससा मारणंही गुन्हा आणि बाज धरणंही. ते योग्यच झालं, असं माझं मत आहे. आपल्याकडे उरलंय किती? भावनगरच्या दरबारातले बाज आणि कोल्हापूरच्या संस्थानात काळविटांवर सोडले जाणारे चित्ते आता जुन्या छायाचित्रांतच. अब्बांचं मत वेगळं होतं. ते म्हणत, कायदा बरोबर आहे, पण त्या आयतीत अल्लाहनं तुम्हाला जे शिकवलं त्यातून तुम्ही जनावराला शिकवता असा अर्थ आहे, आणि शिकवणारेच संपले तर ती आयत मुलांना समजावणार कशी. यावर आमचा वाद मिटला नाही.

मार्चच्या मध्यावर हंगाम संपला. अब्बांना रमजान गावी करायचा होता. तिकीट आठवड्यावर आलं होतं. शेजारी त्या आधीचे कित्येक दिवस तिला हवं तेवढं खाऊ घालत होते. काटा १३५० दाखवत होता, अब्बांच्या वहीतला सर्वांत मोठा आकडा. ज्या ओढ्याकाठी ससे मिळाले तिथंच आम्ही गेलो. शेजाऱ्यांनी तिच्या पायातल्या चामडी पट्ट्या कात्रीनं कापल्या, घुंगरू काढून अब्बांच्या हातात दिलं. ती मोज्यावर बसूनच राहिली. हात जरा उंच केला तेव्हा उडाली आणि जवळच्या खांबावर जाऊन बसली, रोजच्यासारखी. शेजाऱ्यांनी शीळ घातली नाही. दहा-बारा मिनिटं तिनं पिसं साफ केली. मग शेताच्या पलीकडच्या झाडांकडे निघून गेली. तिची शेपटी तेव्हाही तपकिरीच होती. लाल पिसं यायला अजून एक उन्हाळा जायचा होता.