खांबांची नगरी, खापरांचे शहर

पन्हाळा तालुक्यात बांदिवडे गावाच्या परिसरात बेसाल्टचे खांब आहेत. पाच-सहा बाजूंचे, धारदार कडांचे, एकमेकांना खेटून उभे. यवतमाळ जिल्ह्यात शिबला-पार्डीजवळ रस्त्याच्या कामासाठी खोदताना असेच षट्कोनी खांब उघडे पडले. मुंबईत अंधेरीची गिल्बर्ट टेकडी म्हणजे अशाच खांबांची सुमारे दोनशे फूट उंच जुडी असून तिच्या माथ्यावर गावदेवीचे देऊळ आहे. असा दगड पाहणारा ‘हे कसे झाले?’ असे सहसा विचारत नाही, ‘हे कोणी उभे केले?’ असे विचारतो. आणि ‘कोणी’ म्हटले की मागोमाग राजा येतो, त्याची नगरी येते, तिच्यावर कोसळलेला शाप किंवा पूर येतो. हरवलेल्या नगरांच्या कथा अशा नैसर्गिक दगडांतून जन्मल्या असतील का, हा प्रश्न भूशास्त्राच्या अभ्यासकाला वारंवार विचारला जातो. माझे उत्तर अर्धे ‘हो’ असे आहे. अशा कथांना रूप दगडाने दिले, हे मला पटते. पण ‘इथे पूर्वी माणसे नांदत होती’ ही त्यांच्यातली आठवण दगडाची नाही. ती आपल्या भागात तरी मातीतून आणि खापरांतून आलेली आहे, आणि ती दगडाइतकीच गंभीरपणे तपासायला हवी.

आधी दगडाचे पाहू. दख्खनचे लाव्हाथर सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचे. आज ते जवळपास पाच लाख चौरस किलोमीटरवर पसरलेले आहेत आणि सह्याद्रीत त्यांची जाडी काही ठिकाणी दीड-दोन किलोमीटरच्या घरात जाते. कोल्हापूर या प्रदेशाच्या दक्षिण कडेला येते. जिल्ह्याच्या दक्षिण भागात बेसाल्टखालचे कळादगीचे प्राचीन वालुकाश्म डोके वर काढू लागतात. बेसाल्टचा लाव्हा अकराशे अंश सेल्सिअसच्या वर तापलेला असतो. तो वरून आणि खालून निवत जातो, घट्ट होतो आणि मग आकसतो. आटलेल्या तळ्याचा चिखल भेगाळतो तशीच ही क्रिया. फरक एवढाच की चिखलाची भेग वीतभर जाऊन थांबते आणि लाव्हाची भेग थंडपणा आत सरकेल तशी टप्प्याटप्प्याने कित्येक मीटर आत उतरत राहते. ताण सगळीकडे सारखा असेल तर तो सर्वांत कमी भेगांत मोकळा होतो तीन भेगा एकमेकींशी १२० अंशांचा कोन करून मिळाल्यावर, आणि त्यातून षट्कोन तयार होतात. लाव्हा सावकाश निवला तर खांब जाड होतात, झपाट्याने निवला तर बारीक. भेग प्रत्येक टप्प्याला थोडी थांबून पुढे गेलेली असल्यामुळे खांबाच्या बाजूंवर आडवे पट्टे उमटतात. अनोळखी नजरेला ते छिन्नीचे घाव वाटतात. खांबांना मध्येच आडव्या चिराही जातात आणि एकावर एक रचलेल्या तुकड्यांचा भास होतो. म्हणजे देवळाच्या खांबात आपण कारागिराचा हात ज्या गोष्टींवरून ओळखतो, सारखा आकार, घाव, रचलेले तुकडे, त्या सगळ्या इथे हाताशिवाय हजर असतात.

त्याहून फसवा प्रकार डाइकचा. जमिनीतल्या उभ्या भेगेत लाव्हा शिरतो आणि तिथेच गोठतो. भोवतालचा खडक झिजून गेला की ही गोठलेली पट्टी भिंतीसारखी उभी राहते. नंदुरबार-धुळ्याकडे तापीच्या खोऱ्यात अशा डाइकच्या रांगाच्या रांगा मैलोन्मैल गेलेल्या दिसतात. भेगा नेहमी थंड होणाऱ्या पृष्ठभागाला काटकोनात जातात. डाइकमध्ये तो पृष्ठभाग म्हणजे दोन्ही बाजूंचा खडक, म्हणून इथले खांब उभे नसून आडवे असतात. ठरावीक रुंदीची सरळ भिंत, दोन्ही अंगे जवळजवळ समांतर, आणि तोंडावर एकावर एक ठेवलेले बहुकोनी चिरे. एखाद्या वैराण माळावर तिन्हीसांजेला अशी भिंत दिसली आणि बघणाऱ्याला तटबंदी आठवली, तर त्यात त्याच्या बुद्धीचा दोष नाही. डोळ्याने आपले काम चोख केले आहे; मिळालेल्या पुराव्यातून तोच निष्कर्ष सर्वांत जवळचा होता.

डोळ्यांची ही फसगत आजही होते, आणि शिकल्या-सवरल्यांचीही होते. ग्रीसच्या झाकिन्थॉस बेटाजवळ उथळ समुद्रात पोहणाऱ्यांना फरसबंदी आणि खांबांच्या गोल बैठका दिसल्या. प्राचीन बंदर सापडले अशी चर्चा सुरू झाली. पण तिथे ना एक खापर होते, ना एक नाणे. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने दाखवले की समुद्रतळातून झिरपणाऱ्या मिथेन वायूवर जगणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळे गाळात डोलोमाइट साकळून त्या चकत्या आणि कडी तयार झाली होती, तीही काही दशलक्ष वर्षांपूर्वी, म्हणजे शहर बांधणारा माणूस पृथ्वीवर येण्याच्या कितीतरी आधी. बहामातला ‘बिमिनी रोड’ १९६८ मध्ये सापडला आणि अनेकांनी त्याला बुडालेल्या अटलांटिसचा रस्ता ठरवले. त्याच्या दगडांत छिद्रे पाडून गाभे काढले, तेव्हा वाळूचे आतले थर एका दगडातून शेजारच्या दगडात त्याच उताराने पुढे गेलेले आढळले. तो किनाऱ्यावर जागच्या जागी साकळलेला आणि मग तडकलेला वाळूचा दगड होता. बिमिनीचा धडा मला फार मोलाचा वाटतो, कारण तिथला वाद दगड कसा दिसतो यावर मिटला नाही, त्याच्या पोटात काय आहे यावर मिटला.

आता खरे हरवलेले शहर कसे असते ते पाहू, आणि त्यासाठी कोल्हापूरबाहेर जायची गरज नाही. पंचगंगेच्या काठी ब्रह्मपुरीचे टेकाड आहे. १९४५-४६ मध्ये डेक्कन कॉलेजच्या ह. धी. सांकळिया आणि मो. गं. दीक्षित यांनी तिथे उत्खनन केले आणि सातवाहनकाळातली भरभराटीची वस्ती उजेडात आली. याच टेकाडातून पोसायडन या ग्रीक सागरदेवतेची छोटी कांस्यमूर्ती मिळाली. भूमध्य समुद्राकाठची वस्तू सह्याद्री ओलांडून पंचगंगेपर्यंत आली होती, इतका या गावाचा व्यापार दूरवर पोचलेला होता. आणि या नगरीचे वरून दिसणारे रूप काय, तर मातीचा उंचवटा. स्तंभ नाहीत, आकाशाला भिडणाऱ्या भिंती नाहीत. मातीच्या, विटांच्या घरांचा शेवट असाच होतो. ती ढासळतात, पुराचा गाळ त्यांच्यावर बसतो, नवी पिढी त्याच ढिगावर नवे घर बांधते. धाराशिव जिल्ह्यातले तेर, म्हणजे ग्रीक-रोमन लेखकांना ठाऊक असलेले तगर, हेही अशाच पांढऱ्या मातीच्या टेकाडांचे गाव. आपला शेतकरी ही माती ओळखतो. राख, शेण, हाडे, कुजलेल्या भिंती यांनी तयार झालेली ती पांढरी. पिकाला चांगली म्हणून तो ती गाड्या भरून शेतात नेत आला, आणि नेताना फाळाला, फावड्याला खापरे, मणी, क्वचित नाणे लागत आले. ‘इथे जुने गाव होते’ ही आठवण या अनुभवातून टिकली आहे, असे मी मानतो. पण चिमूटभर राखेने आणि लाल-काळ्या खापराने कथेचे पोट भरत नाही. कथेला महाल लागतो, दरवाजा लागतो, शाप मिळून दगड झालेली माणसे लागतात. ते सगळे शेजारचा डोंगर पुरवतो. माहुलीच्या सुळक्यांना नवरा, नवरी, भटोबा ही नावे मिळाली ती याच गरजेतून.

यावर एक आक्षेप रास्त आहे. गावातली माणसे, विशेषतः पाथरवट आणि वडार, दगड आमच्यापेक्षा जास्त ओळखतात. त्यांना घडवलेला चिरा आणि उगवता खडक यांतला फरक कळणार नाही का? कळतो. आणि कथांमध्येच त्याची खूण आहे. अशा जागांचे श्रेय कथा क्वचितच एखाद्या साध्या गवंड्याला देते. पांडवांनी एका रात्रीत केले, राक्षसाने रचले, देवाने शाप दिला, असेच ती सांगते. माझ्या मते यात एक अचूक निरीक्षण दडले आहे: हे माणसाच्या हातचे काम नव्हे. निरीक्षण बरोबर, फक्त उरलेली जागा भरायला लाव्हाचे ज्ञान हाताशी नव्हते. पण ही खूण दोन्हीकडे चालते, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. नाशिकची लेणी बौद्ध भिक्षूंसाठी माणसांनीच कोरली, तिथल्या शिलालेखांत दान देणाऱ्यांची नावे आहेत, तरी ती पांडवलेणीच झाली. पन्हाळ्याजवळ मसाई पठारावरच्या लेण्यांनाही लोक पांडवदराच म्हणतात. तेव्हा पांडवांचे नाव आहे म्हणून जागा नैसर्गिक, असा उलटा नियम करता येत नाही.

दुसरा आक्षेप जास्त अवघड आहे. आपली जुनी देवळे चुना न वापरता, दगडाला दगड बसवून बांधलेली. खिद्रापूरच्या कोपेश्वराकडे पाहा. मग सांध्यात चुना नाही म्हणून भिंत नैसर्गिक, असे कसे म्हणायचे? म्हणायचे नाहीच. पण त्याखेरीज पाहण्यासारखे पुष्कळ आहे. गवंडी खालच्या थरातला उभा सांधा वरच्या चिऱ्याने झाकतो, नाहीतर भिंत फुटते. निसर्गाच्या भेगा हा नियम पाळत नाहीत, त्या कित्येक चिऱ्यांमधून सलग वर जातात. बेसाल्टमध्ये वायूच्या बुडबुड्यांच्या पोकळ्या असतात, त्यांत पुढे झिओलाइटसारखी खनिजे भरतात. पोकळ्यांची ओळ एका तुकड्यातून दुसऱ्यात न तुटता जात असेल, तर ते तुकडे कधी हललेच नाहीत. डाइकच्या कडेला, जिथे लाव्हा थंड खडकाला टेकून चटकन गोठला, तिथे कण अगदी बारीक असतात आणि मध्याकडे भरड होत जातात. बांधलेल्या भिंतीत असा क्रम येण्याचे कारण नाही. आणि सर्वांत निर्णायक कसोटी दगडाच्या चुंबकत्वाची. लाव्हा निवताना त्यातली लोहखनिजे त्या काळच्या पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची दिशा धरून बसतात. जागचा न हललेला खडक सगळीकडे एकच दिशा दाखवतो. खाणीतून काढून, फिरवून, रचलेले चिरे वेगवेगळ्या दिशा दाखवतात. ही तपासणी महाग नाही आणि तिला भव्य मोहीमही लागत नाही. तरी शोधाची बातमी आधी येते आणि ही तपासणी मागे राहते, याचे मला मनापासून वाईट वाटते.

खडक नैसर्गिक निघाला की नगरी खोटी ठरली, असेही नाही. मायक्रोनेशियातल्या पोनपेई बेटाजवळचे नान माडोल हे नगर बेसाल्टच्या नैसर्गिक खांबांचेच आहे. लोकांनी ते खांब डोंगरातून आणले आणि प्रवाळाच्या उथळ तळावर ओंडक्यांसारखे आडवे-उभे रचून नव्वदहून अधिक बेटे बांधली. तिथे आकार निसर्गाचा, पण जागा माणसाची. म्हणून विचारायचे ते इतकेच: हा खांब जिथे जन्मला तिथेच उभा आहे का? बुडालेल्या वस्त्या हीही निव्वळ कल्पना नाही. सुमारे वीस हजार वर्षांपूर्वी समुद्र आजच्यापेक्षा १२० मीटरच्या आसपास खाली होता आणि आपल्या पश्चिम किनाऱ्याबाहेरचा रुंद पट्टा कोरडी जमीन होता. तिथे माणसे फिरलीच नसतील, असे कोण म्हणेल? द्वारकेच्या समुद्रात शि. रं. राव यांच्या चमूला दगडी नांगर आणि घडवलेले चिरे मिळाले. नांगर निसर्ग घडवत नाही, त्यामुळे तिथे जहाजे लागत होती हे निश्चित, वाद आहे तो काळाचा. खंबातच्या आखाताची गोष्ट वेगळी. २००१ मध्ये तिथल्या सोनारच्या चित्रांत रस्ते आणि घरांचे चौकोन दिसल्याचे जाहीर झाले, आणि तळातून काढलेल्या लाकडाच्या तुकड्याचे वय साडेनऊ हजार वर्षांच्या आसपास आले. पण भरती-ओहोटीच्या जबर प्रवाहात लाकूड कुठूनही वाहत येऊ शकते. लाकडाचे वय हे लाकडाचे वय. सोनारमधल्या चौकोनाला ते लागू करायचे, तर दोन्ही एकाच न हललेल्या थरातून मिळायला हवेत.

काही वर्षांपूर्वी श्रीवर्धनच्या परिसरात समुद्राखाली लांबच लांब भिंत असल्याच्या बातम्या आल्या. कोकण किनाऱ्यालगत उत्तर-दक्षिण जाणाऱ्या डाइक पुष्कळ आहेत, हे लक्षात घेता माझा पहिला संशय डाइकवरच जातो. तरीही हा संशय आहे, निकाल नाही, आणि तो निकाल म्हणून खपवणारा भूशास्त्रज्ञ सोनारच्या चित्रावरून नगर जाहीर करणाऱ्याइतकाच घाई करतो. त्या भिंतीच्या कडेपासून मध्यापर्यंत ओळीने गाभे काढावेत, कण कडेला बारीक आणि मध्ये भरड आहेत का ते सूक्ष्मदर्शकाखाली पाहावे, प्रत्येक गाभ्याची चुंबकीय दिशा मोजावी आणि पायथ्याचा गाळ चाळून त्यात खापर, कोळसा, हाड आहे का ते शोधावे. गाळात चुलीची राख मिळाली, तर माझा डाइकचा संशय मी त्याच दिवशी मागे घेईन.