वाऱ्याच्या रेषेत

माझ्या शेवटच्या पीएचडी विद्यार्थिनीने माझा १९९० सालचा लेख टेबलावर ठेवला. "मॅडम, तुम्ही मांसाची बाजू घेतली होती?"

घेतली होती. एप्रिल १९७९मध्ये स्वेर्दलोव्स्कला माणसं अँथ्रॅक्सने मेली, ती रोगट मांस खाऊन, असं सोव्हिएत सरकार सांगत होतं. माझे वडील गुरांचे डॉक्टर. फाशीने, म्हणजे गुरांच्या अँथ्रॅक्सने, मेलेलं जनावर सोलून खाल्लं की काय होतं, ते ऐकतच मी मोठी झाले. लष्करी प्रयोगशाळेतून जंतू निसटले, असं अमेरिकन गुप्तहेर म्हणत होते; पण हा विषय माझ्या घरचा, त्यांना त्यातलं काय कळणार, असा ताठा होता मला.

१९९४मध्ये अमेरिकी जीवशास्त्रज्ञ मेसेलसन यांच्या पथकाचा नकाशा छापून आला. त्या दिवसांत तुमचा माणूस दिवसा कुठे असायचा, हे पथकातल्या जीन गिलेमिन घरोघर विचारत गेल्या होत्या. ठिपके मांडले, तर बहुतेक सगळे लष्करी आवारापासून दक्षिणेला सुमारे ४ किलोमीटरच्या चिंचोळ्या पट्ट्यात. त्याच रेषेत पुढे ५० किलोमीटरपर्यंतच्या गावांत जनावरं मेलेली. मृत माणसं किमान ६६. शवविच्छेदन करणाऱ्या फाइना अब्रामोव्हा यांनी नमुने लपवून जपले होते. छातीतल्या लसिका ग्रंथींत रक्तस्राव, म्हणजे जंतू श्वासातून गेलेले.

मी त्या ठिपक्यांवरून रात्रभर बोट फिरवत होते.

पण नकाशा वारा सांगतो, हेतू सांगत नाही. इथेच मी तीस वर्षं अडकले आहे. १९७२चा जैविक शस्त्रबंदी करार जंतूवर बंदी घालत नाही, हेतूवर घालतो. टाकीत वाढतंय ते लशीसाठी की शस्त्रासाठी, हे टाकीकडे बघून कसं ओळखायचं? कराराच्या तपासणीच्या मसुद्यावर जिनिव्हात वर्षानुवर्षं खल झाला, २००१मध्ये अमेरिकेने तो नाकारला आणि सगळं बारगळलं. निरीक्षक आजही नाहीत. आताचे तज्ज्ञ उपग्रहाची चित्रं मोठी करून निकाल देतात, त्याचा मला राग येतो. आवारात काय चालायचं, हे तिथे झाडू मारणाऱ्या बाईला ठाऊक असतं. तिचं दार कुणी वाजवत नाही.

आणि मी? वर्गात तो नकाशा दरवर्षी अशा थाटात उलगडला, जणू मी पहिल्यापासून त्याच बाजूला होते. दुरुस्ती मात्र कधी छापली नाही. लेख जुना झाला, कोण वाचतंय, असं स्वतःला सांगत राहिले. खरं तर नाव जपत होते.

"प्रबंधात हे घालू का?" तिने चाचरत विचारलं.

"घाल," म्हटलं, "पान क्रमांकासकट."