काठी आणि तार

माझे बाबा बल्लारपूरच्या कोळसा खाणीत सरदार होते. पाळी लागली की आधी काठीनं छत ठोकायचं. दगड घट्ट असेल तर खणखणीत आवाज येतो, सुटलेला असेल तर बद्द. त्या आवाजावर माणसं पुढं जायची किंवा थांबायची.

गेल्या मे महिन्यात घरी गेले तेव्हा पारा 46 अंशांवर होता. कूलरसमोर बसून बाबांनी विचारलं, "मुंबईले नेमकं काय करून राहिली तू?"

"तुमच्यासारखंच. ठोकते आणि ऐकते. फक्त इलेक्ट्रॉन."

प्रत्येक इलेक्ट्रॉनला स्पिन असतो, म्हणजे तो एक इवलासा चुंबकच. पाव टेस्लाच्या चुंबकीय क्षेत्रात त्याचा सूर 7 गिगाहर्ट्झला लागतो. त्याच सुरात मायक्रोवेव्हचा एक ठोका द्यायचा, क्षणभर थांबून दुसरा द्यायचा, आणि प्रतिध्वनीची वाट पाहायची. तो फार क्षीण असतो. म्हणून नायोबियमच्या पातळ थरातून कोरलेली नागमोडी तार वापरतो. 9 केल्विनच्या खाली नायोबियम अतिसंवाहक होतो आणि तारेतला नाद हजारो आंदोलनं टिकतो.

थंडी आणखी एका कारणानं लागते. बल्लारपूरच्या उन्हात निम्मे स्पिन एका दिशेला, निम्मे उलट; दर 10 हजारांमागे फरक जेमतेम 5चा. बाकीचे एकमेकांना खोडतात. 20 मिलिकेल्विनला मात्र जवळपास सगळे एकाच बाजूला येतात.

माझे पहिले 4 महिने चुंबक सरळ करण्यात गेले. क्षेत्र थराला समांतर हवं. किंचित कललं की चुंबकरेषा थरात शिरतात आणि नाद बसतो. मग सगळं गरम करा, उघडा, पुन्हा बसवा, पुन्हा थंड व्हायची वाट पाहा. एका पहाटे सिलिकॉनमधल्या फॉस्फरसच्या इलेक्ट्रॉनांनी उत्तर दिलं. दोन ठोक्यांत जेवढं अंतर, तेवढ्याच अंतरानं पडद्यावर लहानसा उंचवटा आला. मला रडू आलं.

फ्रान्सच्या साक्ले इथल्या गटानं 2016 मध्ये अशाच पद्धतीनं एका प्रतिध्वनीत सुमारे 1,700 स्पिन टिपले होते, आणि 2023 मध्ये मायक्रोवेव्हचे फोटॉन मोजून एकच. आमचे अजून लाखांत आहेत.

"आपल्या कोळशात असते का हे?"

"भरपूर. तुटलेल्या बंधांवर एकटे उरलेले इलेक्ट्रॉन. 1954 पासून माहीत आहे."

बाबा जरा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "आन् आपलीच काठी वाजली तं? कसं समजते?"

आमच्या बैठकांत मला पहिल्यांदा विचारलेला प्रश्न हाच होता. "क्षेत्र थोडं सरकवते. इलेक्ट्रॉनचा असेल तर उंचवटा जातो, यंत्राचा असेल तर तिथंच राहतो."

"बराबर," बाबा म्हणाले. "मी बी जागा बदलून ठोकत होतो."