हातचा एक

आमची सात वर्षांची नात परवां बेरजा सोडवीत बसली होती. मध्येंच मान वर करून तिनें विचारलें, "आजोबा, हातचा एक ठेवायचा तो कुणाच्या हातांत?" प्रश्न साधाच, पण त्यावरून आम्हांस कपाटांतल्या एका जुन्या हिरव्या बोर्डाची आठवण झाली. नोकरीच्या उमेदवारींत आम्हीं तो हाताळला होता.

त्यावर चार चिप्स ओळीनें बसविल्या आहेत. नांव 'एएम २९०१'. अ‍ॅडव्हान्स्ड मायक्रो डिव्हायसेस या अमेरिकन कंपनीनें त्या १९७५ सालीं बाजारांत आणिल्या. अतिशय वेगानें चालणारीं मंडलें त्या काळीं तापत फार आणि एका चिपमध्यें मावत थोडीं. म्हणून संगणकाचा मेंदू उभा चिरून त्याच्या फोडी करण्याची युक्ति निघाली. एका फोडीच्या वांट्यास चार द्विमान अंक. चार फोडी शेजारीं मांडल्या कीं सोळा अंकांचें यंत्र, आठ मांडल्या कीं बत्तीस अंकांचें. डिजिटल इक्विपमेंट कंपनीचा १९८२ सालचा 'व्हॅक्स-११/७३०' संगणक याच फोडींवर चाले.

फोडी सगळ्या एकसारख्या. तरी धाकटीकडून हातचा येईपर्यंत थोरलीस आपलें उत्तर पक्कें करतां येत नाहीं. तो एकीकडून दुसरीकडे पाझरत गेला तर वेगाचा सारा लाभ वाटेंतच बुडावयाचा. यासाठीं '२९०२' ही आणखी एक चिप असे. प्रत्येक फोड तिला दोनच गोष्टी कळवी: माझ्याकडे हातचा निघणारच आहे कीं नाहीं, आणि मला मिळाला तर मी तो पुढें देईन कीं नाहीं. तेवढ्यावरून कोणास हातचा मिळणार, हें ती सर्वांस एकदमच सांगे.

वाचकहो, आमच्या घरांतली ती पांचवी चिप म्हणजे आमच्या वहिनी! आम्ही चौघे भाऊ. महिना सरतां सरतां वहिनी विचारीत, "भाऊजी, यंदा तुमच्याकडे कांहीं उरेल का?" एवढ्या विचारपुशीवर चार संसार चालले, कोणास कोणापुढें हात पसरावा लागला नाहीं.

तीन वर्षांपूर्वीं वहिनी गेल्या. त्याच वर्षीं धाकट्याच्या मुलाची कॉलेजची फी भरावयाची होती. धाकटा संकोचानें बोलला नाहीं. तिसरा म्हणाला, कोणी सुरुवात केली तर मीही भर घालीन. दादा आमच्याकडे पाहत राहिले. आणि आम्ही? आमच्या खात्यांत पैसे पडून होते. मागितले कीं देऊं, असें म्हणून आम्ही स्वस्थ बसलों. मुदत टळली. पोराचें एक वर्ष फुकट गेलें. त्याबद्दल कोणी आम्हांस एक शब्दही बोललें नाहीं, हेंच अधिक लागलें.

पुढें संपूर्ण वेगवान मेंदू एकाच चिपमध्यें मावूं लागला व फोडींचें युग मावळलें. भावांचीं बिऱ्हाडेंही आतां वेगळीं झालीं आहेत. पण एकाच घरांत सगळें मावतें असें अजून झालेलें नाहीं.

नातीस आम्हीं सांगितलें, "हातचा आपल्या हातांत ठेवायचा नसतो, बाळ. तो शेजारच्या घरांत द्यायचा असतो."

"मग तुम्हीं दिलात?"

तिला आम्हांस उत्तर देववलें नाहीं. रात्रीं मात्र धाकट्यास फोन लावला, आणि पुतण्याच्या पुढल्या फीचा विषय त्यानें काढण्यापूर्वींच, आमच्याकडे किती शिल्लक आहे तें सांगून टाकिलें.