पुढची दोन चाके

मोटारीला चाके चार असली तरी त्यांपैकी कमावती बहुधा दोनच असतात, ही गोष्ट फारशी कोणाच्या ध्यानात येत नाही. साध्या पिकअपमध्ये इंजिनाचे बळ मागच्या जोडीला मिळते. पुढची जोडी नुसती दिशा दाखवीत पळते. राज्य सरकारच्या सेवेत तेहतीस वर्षे काढल्यामुळे कामाची ही विभागणी आम्हांस मुळीच अपरिचित वाटली नाही.

चारही चाकांना कामाला लावणारी जुनी पिकअप आम्ही 2018 साली, निवृत्तीनंतर घेतली, ती हौसेखातर नव्हे. बेळगावहून जांबोटीमार्गे कणकुंबीकडे निघाल्यावर मधेच रस्ता सोडून आत वळले की आमची वडिलार्जित शेती लागते. थोडे भात, थोडे काजू, चार फणस. डांबर संपते तेथून तीन किलोमीटर तांबड्या मातीची वाट आहे आणि वाटेत एक ओढा आहे. मलप्रभेच्या उगमाकडचा पाऊस ज्यांनी पाहिला आहे त्यांस अधिक सांगणे नलगे. ओढ्यापलीकडे आमच्या वाटेकऱ्याचे धरून पाच घरे आहेत आणि पावसाळ्यात तेथवर साधी गाडी पोचत नाही.

अशा गाडीत गियरबॉक्सच्या मागे आणखी एक पेटी असते. तिला ट्रान्सफर केस म्हणतात. चालकाजवळचा लहान दांडा ओढला की ही पेटी मागच्या शाफ्टबरोबर पुढचाही शाफ्ट फिरवू लागते. दांडा आणखी पुढच्या खाचेत नेला की चाकांचा वेग दोन-अडीच पटींनी उतरतो आणि ओढ त्याच प्रमाणात वाढते. आमच्या गाडीला पुढच्या चाकांच्या मध्यभागी हाताने फिरवायचे हबही आहेत. ते बंद केले की चाक आसाशी जोडले जाते. मोकळे ठेवले की पुढचे डिफरन्शियल, आस आणि शाफ्ट निवांत पडून राहतात आणि तेवढे डिझेल वाचते.

हा निवांतपणाच या यंत्रणेच्या मुळावर येतो. पुढचे दात फिरत नाहीत, म्हणून तळाचे तेल वरपर्यंत उडत नाही. ऑइल सील कोरडी पडून कडक होतात, हबमधील ग्रीस घट्ट होते, दांड्याचे सांधे गंजतात. आमच्या जुन्या घराण्यांतून देव्हाऱ्याशेजारी एखादी तलवार असते. खंडेनवमीला तिला गंध-फूल वाहतात, परंतु ती म्यानातून निघते की नाही हे कोणी पाहत नाही. पुष्कळ गाड्यांच्या चार चाकांच्या जोडणीचीही हीच अवस्था आहे. आमचे मिस्त्री, शहापूरकडचे जुने कारागीर, पहिल्याच भेटीत म्हणाले, “साहेब, वापरा की हो ते! वरसातनं एकदा दांडा वडला तर तो कशाला येईल?”

तेव्हापासून दर संकष्टीला आम्ही शेतावर जातो. डांबर संपले की खाली उतरून हब बंद करतो, दांडा ओढतो आणि तीनही किलोमीटर चारही चाकांवर जातो. ओढ्याच्या चढावर हलका गियरही टाकून पाहतो. उन्हाळ्यात त्याची गरज काहीच नसते. आमच्या सौभाग्यवतींनी या उपक्रमास ‘गाडीचा उपवास’ असे नाव दिले आहे. उपवास म्हणण्यापेक्षा पारणे म्हणणे अधिक युक्त ठरेल, असे आमचे नम्र मत आहे.

मातीवरच का, याचे कारण आमच्या पुतण्याला पटवून देण्यास दोन वर्षे लागली. वळणावर पुढची चाके मागच्या चाकांपेक्षा मोठ्या घेराची वाट कापतात. आमच्यासारख्या गाडीत मात्र दोन्ही शाफ्ट एकाच वेगाने फिरण्यास बांधलेले असतात. चिखलात चाक किंचित घसरते आणि तो फरक जिरून जातो. कोरड्या डांबरावर चाक घसरत नाही, म्हणून सगळा पीळ शाफ्टांत आणि दातांत साचतो. एकदा चिरंजीवांनी मित्रांना दाखविण्यासाठी भर रस्त्यावर दांडा ओढला आणि मग तो परत येईना. गाडी सरळ रेषेत थोडी मागे घेतली तेव्हा पीळ सुटला व दांडा जागेवर आला. टायरांचेही तेच आहे. पुढे नवे आणि मागे झिजलेले टायर घातले तर घेर निराळे होतात आणि सरळ रस्त्यावरही तोच पीळ पडतो. दोनच टायर बदलून पैसे वाचविण्याची सूचना म्हणून आम्ही दरवेळी फेटाळतो.

बाकीची निगा साधी आहे. ट्रान्सफर केस व दोन्ही डिफरन्शियलमधील तेल ठरावीक मुदतीत बदलणे, शाफ्टच्या क्रॉसना ग्रीस देणे, एवढेच. त्याची आम्ही वही ठेवली आहे. सरकारी जीपच्या लॉगबुकाची सवय जाता जात नाही.

2019 च्या ऑगस्टात बेळगाव जिल्ह्यात जी अतिवृष्टी झाली, त्या आठवड्यात वाटेकऱ्याच्या वृद्ध आईस धाप लागली. पलीकडच्याच एका बागायतदाराची गाडी आमच्याहून नवी आणि चारही चाकांची होती. तिचा दांडा घेतल्यापासून कोणी ओढलेला नव्हता आणि त्या दिवशी तो हालेना. आम्ही व पुतण्या निघालो. ओढ्याचे पाणी गुडघ्याखाली उतरेपर्यंत दोन तास काठावर बसून राहिलो, कारण वाहत्या पाण्यापुढे चार चाकांची मातब्बरी चालत नाही. मग हलक्या गियरात, एकदाही न थांबता, पलीकडे गेलो. म्हातारीला गादीसकट मागे घेतले, वर ताडपत्री धरली आणि त्याच चाकोरीने परतलो. ती वाटभर लेकाला भाताच्या चिखलणीविषयी सूचना देत होती. दहा दिवसांनी घरी आली, आणि नंतर चार वर्षे जगली.

दुसऱ्या दिवशी गाडी मिस्त्रींकडे नेली. तापलेले डिफरन्शियल थंड पाण्यात बुडाले की आतली हवा आकसते आणि श्वासनळीवाटे वा सीलमधून पाणी ओढले जाते. मिस्त्रींनी पुढचा बोल्ट उघडला तो तेल ताकासारखे पांढरे निघाले. तसेच ठेवले असते तर बेअरिंगे गंजली असती. सगळे तेल काढले, आतून धुऊन घेतले, नवे भरले आणि श्वासनळीला रबरी नळी जोडून तिचे तोंड बॉनेटखाली उंच बांधले. एकूण काम अर्ध्या दिवसाचे.

सध्या उजव्या हबच्या सीलमधून थोडे ग्रीस पाझरते आहे. नवे सील हुबळीहून यायचे आहे. येत्या संकष्टीच्या आत ते बसवून देण्याचे मिस्त्रींनी कबूल केले आहे.