उजळाईवाडी ते रेणिगुंटा

आमच्या घरीं तिरुपतीची यात्रा म्हणजे आठ दिवसांचें प्रकरण. फराळाचे डबे, वळकट्या, पाण्याची सुरई असा संसार घेऊन आम्ही आजवर हरिप्रिया एक्सप्रेसनेंच गेलों. ही गाडी मिरज, बेळगांव, हुबळी, गदग, गुंतकल असें वळण घेत, नऊशें किलोमीटरांहून अधिक धांवून, वीसएक तासांनीं तिरुपतीस पोंचते. हरिप्रिया म्हणजे लक्ष्मी. भृगूच्या लत्ताप्रहारामुळें रुसलेली लक्ष्मी कोल्हापुरीं आली, व तिच्या शोधार्थ निघालेला विष्णु तिरुमलेस राहिला, अशी कथा सांगतात. आमची अंबाबाई ती हीच काय, याविषयीं कोल्हापुरांत पुष्कळ वाद झाला आहे; परंतु नवरात्रांत तिरुपतीहून देवीस शालू येतो, एवढें वाद घालणारांनाही मान्य आहे.

2019 सालीं उजळाईवाडीहून थेट विमान जाऊं लागलें, तेव्हां त्या मार्गशीर्षांत थोरल्या काकूंना न्यावयाचें आम्हीं ठरविलें. वय ब्याऐंशी, खुब्याचें हाड मोडल्यापासून गाडींतली रात्र त्यांना सोसेना. शस्त्रक्रिया सुखरूप झाली तर दोघेंही दर्शनास येऊं, असा नवस काका बोलले होते. तो फेडण्यापूर्वींच ते गेले.

“आकाशांतून गेलेलं देवाला चालतं का रे?” काकूंनीं विचारलें. गरुडावर बसणाऱ्याला न चालावयास काय झालें, असें आम्हीं म्हटलें, पण त्यांचें समाधान झालेलें दिसलें नाहीं.

उजळाईवाडीचा विमानतळ संस्थानी अमदानींतला, राजाराममहाराजांच्या कारकीर्दींतला. तेथून रेणिगुंटा सरळ रेषेंत सुमारें 655 किलोमीटर. त्या वेळीं इकडील धांवपट्टी 1370 मीटरच होती, म्हणून पंख्यांचें, सत्तरएक उतारूंचें विमान. तें ताशीं पांचशें किलोमीटरांच्या आसपास जातें. त्रैराशिकानें सव्वा तास आला, आणि चढउतार धरून दीड तासाहून थोडें अधिक. विमानतळावर दोन तास आधीं जाऊन बसावें लागतें, हें मात्र त्रैराशिकांत येत नाहीं.

विमान वर गेलें. काकू खिडकीशीं होत्या. अर्ध्या तासानें त्यांनीं विचारलें, “गुंतकल केव्हां येतं?”

गुंतकलास गाडी थांबली कीं काका खालीं उतरून त्यांच्यासाठीं दहीभात आणीत. गाडी हलूं लागे, काकू दाराशीं कासावीस होत, आणि काका हंसत शेवटच्या क्षणीं चढत. कित्येक वर्षें हाच क्रम. नकाशावर पाहतां गुंतकल विमानाच्या सरळ रेषेपासून फारसें दूर नाहीं. पण वरून तें कसें ओळखावें? आम्हीं घड्याळ पाहिलें, मनांत हिशेब केला आणि तासाभराच्या सुमारास म्हटलें, “काकू, आतां गुंतकल.”

त्यांनीं पिशवींतला डबा काढला. दहीभात त्यांनीं घरूनच आणला होता. खालीं पांढरे ढग होते. काकूंनीं दोन घांस खाल्ले आणि उरलेला डबा आमच्या हातीं दिला.